ब्रुनोरावांची गादी

महाळुंगे पडवळ,
अधिक आश्विन, सन २००१

आळे गावचे आमचे थोरले मेहुणे गेणभाऊ यांना हौशीरामाचा दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? (अडुळसा द्या, डॉक्टरांच्या नादी लागू नका.) इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे काल सकाळी नव्हतो, आज आहोत. तेच सांगायला बसलोय.

आपल्या वैजूचं पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, हे तुमच्या बहिणीनं पोर सासरी गेली त्याच दिवशी ठरवलंय. पण चिंचवडच्या विहीणबाई म्हणतात, तुमचं राहणं वस्तीवर, गारठा, त्यात ते बिबटे, पोरीला पाठवू कशी? मग धोंड्याच्या महिन्यात काशीला निघताना त्यांनी आपला कुत्रा आमच्या दारात उतरवला आणि म्हणाल्या, "आधी आमच्या ब्रुनोला नीट सांभाळून दाखवा, मग सुनेचं बघू. आणि हो, मऊ अंथरुणाशिवाय त्याला झोप लागत नाही." आता वरपक्षाकडून आलेल्या कुत्र्याला यू यू कोण करणार? मी पहिल्या दिवसापासून ब्रुनोराव म्हणतो. (टॉवेल-टोपी करणार होतो, पण टोपी कानांवर बसेना.)

सुताराकडून जाळीच्या दाराचं लाकडी घर करून घेतलं. आत उसाचं पाचट घातलं, तर मुंग्या आल्या. खताचं बारदान घातलं, तर पाहुणे शिंकून शिंकून बेजार. माझी स्वतःची घोंगडी घातली, तर त्यांनी असं काही अंग खाजवलं की मलाच लाज वाटली. (तीत मी लग्नाच्या आधीपासून झोपतोय, मला कधी काही चावलं नाही.) शेवटी जुन्नरला महंमद हनीफभाई गादीवाल्यांकडे गेलो. कुत्र्यासाठी गादी, असं म्हणायला जीभ रेटेना, म्हणून व्याह्यांकडचे पाहुणे आहेत म्हटलं. त्यांनी उंची विचारली. मी कमरेखाली हात दाखवला. "बच्चा है क्या?" "नाही, मिशा आहेत." भला माणूस! व्याह्यांचा मान म्हणून सावरीचा कापूस भरला आणि वर एक उशीही दिली. गेणभाऊ, काय ती गादी! हात टेकवला की मनगटापर्यंत आत. मी जरा डोकं टेकवून बघितलं, तर तुमच्या बहिणीनं जेवायला हाका मारल्या तेव्हा जाग आली.

काल सकाळी ती दूध घेऊन गेली. जाळीचं दार उघडं (नाकानं कडी उचलायची विद्या पाहुण्यांनी आल्या आल्या शिकून घेतलेली). आत पाठ करून कुणीतरी झोपलेलं. "उठा पाहुणं, उन्हं आली," ती म्हणाली, तसं शेपूट हललं. ते शेपूट, गेणभाऊ, दाराबाहेर भुईवर लोळत होतं! उशीवरनं डोकं उचललं, एक जांभई दिली आणि परत उशीवर ठेवलं. बिबट्या! तुमच्या बहिणीनं दुधाचं भांडं तिथंच ठेवलं, चवड्यांवर चालत आली आणि माझ्या कानात म्हणाली, "आवाज करू नका, ते झोपलेत."

देवाशप्पथ सांगतो, असं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. पिवळंधमक अंग, त्यावर ती काळी फुलं, आणि श्वासाबरोबर सगळी फुलं वर-खाली होत होती. एक पंजा गालाखाली घेतलेला, लहान पोरासारखा. माझे हात आपोआप जोडले गेले. भीती नंतर वाटली. आणि भीतीच्या मागोमाग आठवलं, अरे, ब्रुनोराव कुठं? असणार ह्याच्या पोटात! संपलं वैजूचं माहेरपण. तेवढ्यात तो उठला, अंग ताणलं, आमच्या घराकडं एकदा बघितलं आणि उसात निघून गेला. घाई नाही, गडबड नाही. आम्ही रडत रडत गोठ्यात गेलो, तर ब्रुनोराव म्हशीच्या गव्हाणीत, कडब्यावर घोरत पडलेले, आणि म्हैस त्यांचा कान चाटतेय. मी दोघांच्याही पाया पडलो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
हौशीराम

ता. क. विहीणबाई रविवारी येताहेत. तुम्ही यायचंच, आणि त्यांच्यासमोर सांगायचं की ह्या बाजूला बिबट्या कधी कुणी पाहिलाच नाही. तुमचा चेहरा गरीब आहे. माझं खोटं लगेच कळतं.

आणखी ता. क. दादा, आता पेन माझ्या हातात हाय. ह्यांचं काय खरं धरू नको. हात जोडलं ते कणगीत शिरून, नुस्ती टोपी वर दिसत व्हती. फुलं, पंजा, समदं मीच मागनं सांगितलं. अन् तो बिबट्या न्हाई, बिबटीण हाय. दिवस भरत आल्यात तिचं. पोट बघूनच वळाखलं मी. तू खोटं काय बोलू नको. विहीणबाईला मीच सांगणार हाय, रानातली परकी येऊन माझ्या दारात निजली, मंग माझ्या पोटची का न्हाई? घरात कडी लावून माझ्याजवळ निजवीन मी वैजूला. ते लाकडी घर उसाच्या पल्याडच्या बांधाला सारून ठिवलंय, गादीसकट. काढून घ्यायला मन व्हईना, दादा. येताना तेवढी हनीफभाईकडनं तसलीच एक गादी आण, वैजूच्या मापाची. तिला पण आता कुशीवरच निजावं लागत आसंल.