काकाला मारल्याबिगर वर्गात यायचं न्हाई

बुधवार, मार्गशीर्ष. माजलगाव.

नातं पाळलं म्हणून पोरानं मार खायचा? ही कुठली शिस्त?

माझं शेंडेफळ दिगू अन् माझ्या थोरल्या लेकाचा पोरगा बापू, हे काका-पुतणे एकाच वर्गात बसत्यात. सरकारी शाळेचा कायदा असा, की ज्याला जवाब येईल त्यानं न येणाऱ्याच्या थोबाडीत मारायची. आज उर्दूचा सबक बापूला आला, दिगूला न्हाई. बापू म्हणला, "काकाला न्हाई मारत." मास्तर म्हणला, "शाळेत काका-बिका कुणी न्हाई," अन् बापूलाच छडीनं झोडपला. वर हुकूम सोडला, काकाला मारल्याबिगर वर्गात पाय ठेवायचा न्हाई.

दिगू म्हणतो, "आई, मी हळूच म्हणलो, हाण की बे! ऐकलंच न्हाई यानं."

सबक आला न्हाई म्हणून दिगूच्या थोबाडीत मीच दिली. मास्तरनं दिली असती तरी माझी ना न्हवती. पण पुतण्याच्या हातानं? थोरल्यावर हात उचलू नको, हे मी शिकवलं. ते मास्तर मोडणार? मोडू देते का मी! अन् शाळाबी सुटू द्यायची न्हाई.

उद्या दोघांना घेऊन मीच जाणार. पोरांनी तोंड उघडायचं न्हाई. जवाब मास्तरनं द्यायचा, अन् मला द्यायचा.