नारिंगी ताऱ्याचे आकडे

धाड, जिल्हा बुलढाणा
ता. १२ जानेवारी १९३९

ती. नारायणराव भाऊजींस सत्यभामेचा नमस्कार.

संग्रामपुरात थंडी लई असंन. इथं हरभऱ्याले घाटे धरले. याईचा, म्हणजे तुमच्या मास्तरांचा, खोकला बसला.

अकरा वर्षं झाली, तुम्ही तिथून अन् हे इथून तो एकच, कमी-जास्त उजळणारा नारिंगी तारा पाहून राह्यले. दोन पांढऱ्या ताऱ्यांच्या मधात तो दहापैकी किती भाग उजळ, ते एकमेकाले कळवायचं. नुसत्या डोळ्यानं दिसत बी नाही मेला, अन् त्याच्यापायी आमच्या घरची जेवणं निवतात.

आता खरं सांगते. दोन वर्षांपासून याईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दुर्बिणीतून मी पाह्यते, आकडा मी सांगते, पत्र बी मीच लिहिते. अक्षर याईनंच शिकवलं, म्हणून तुम्हाले फरक कळला नाही.

माझा आकडा काही सहाच्या खाली उतरेना, म्हणून परवा याईनं विचारलं, "किती वेळ पाह्यतं तू?"

म्हटलं, "मन भरेस्तोवर."

हे कपाळाले हात लावून बसले. "अवं, तांबूस तारा टक लावून पाह्यला का उजळच दिसत जाते. नजर टाकायची अन् काढायची."

मले काय माहीत? चुलीवरच्या दुधाकडं पाह्यावं तशी मी पाहत बसायची. काल नुसती नजर टाकली. सहा नाही, तीनच भाग भरला. तुमच्या शेवटल्या पत्रात बी तीनच होते.

तवा माझ्या दोन वर्षांच्या आकड्यांवर खुशाल काट मारा. मले वाईट वाटते, खोटं काऊन बोलू, पण मारा.

अजून एक राह्यलं. दिवाळीनंतरचं तुमचं ते पत्र. "मनचे आकडे धाडणाऱ्याशी माझा संबंध नाही." पत्रं मीच वाचून दाखवते. ते मी वाचलं नाही. कागद समोर धरला अन् तुमच्या नावानं मनचंच म्हटलं, का प्रकृती बरी आहे, मास्तरांची लई याद येते. हे हसले. त्याच्यावर अजून दोन पत्रं मी तशीच रचून वाचली, जुनेच कागद हाती धरून.

आता माझ्याच्यानं होत नाही, भाऊजी. मले काय बोलायचं ते निराळ्या कागदावर बोला, मी ऐकून घेईन. पण याईच्या नावानं एक पत्र असं लिहा, का मले ते जसंच्या तसं वाचता येईन.

दोन वर्षं तुम्हाले मास्तर म्हणून लिहिणारी,
सत्यभामा