तीन छिद्रांचा शब्द

मंगळवार, दि. ४ फेब्रुवारी

मी, बाबासो ज्ञानू चौगले, वय ७६, शिक्षण इयत्ता चौथी, गुळाच्या अडतीतील निवृत्त तोलाईदार, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, खरे तेच लिहितो. सौ. परवापासून पोट धरून होती. "वात हाय," म्हणत ओवा चावत राहिली. आज ताप चढला. दवाखान्यात नेले. अपेंडिक्स फुटल्याचा संशय. शस्त्रक्रिया आजच.

डॉ. बाई वयाने लहान, बोलणे नेमके. दुर्बिणीने केल्यास तीन छिद्रे, वेदना कमी, घरी लवकर. पोट उघडून केल्यास मोठी चीर, जखम चिघळण्याचे भय अधिक. "मात्र आत फार चिकटलं असेल, तर उघडावंच लागेल."

सौ.च्या थोरल्या बहिणीचे, शिरोळच्या अक्कांचे, पोट असेच उघडले होते. त्या घरी परतल्या नाहीत. सौ.ने माझा हात धरला. चारचौघांत, प्रथमच.

"माझं पोट फाडू देऊ नगासा. मेली तरी चालंल. शबूद द्या."

दिला. बाजारात माझ्या शब्दानंतर पुन्हा काटा कोणी लावीत नसे.

त्याच दिवशी, सायंकाळी

डॉ. बाई मध्येच बाहेर आल्या. आत पू, आतडी एकमेकांस चिकटलेली. दुर्बिणीने पुढे जाणे धोक्याचे. "उघडू का?"

मी म्हणालो, तिला विचारा.

"आजोबा, त्यांना भूल दिलीय."

सूनबाई शालन ओरडली, "मामंजी, शबूद काय चाटायचाय व्हय? बोला की!"

आजवर तिने माझ्यापुढे आवाज चढविला नव्हता. मी होकारार्थी मान हलविली.

गुरुवार, दि. ६ फेब्रुवारी

सौ. आज पूर्ण सावध. पट्टीवरून हात फिरविला, वरपासून खालपर्यंत. माझ्याकडे पाहिले. त्यानंतर पाहिलेले नाही.

शेजारच्या खाटेवरील हसीनाबी, दुर्बिणीवाल्या, आपल्या पायांनी घरी गेल्या. "येतो, भाभी." सौ. दारापर्यंत त्यांची पावले पाहत होती.

शनिवार, दि. ८ फेब्रुवारी

ताप उतरत नाही. जखमेतून पाणी येते. डॉ. बाई सौ.ला म्हणाल्या, "उघडलं नसतं, तर आज तुम्ही नसता."

सौ. म्हणाली, "तुमचं काय न्हाई, बाई. तुम्ही शबूद दिला नव्हता."

मी चहाचा कप पुढे केला.

"शालन, त्यास्नी सांग, तितं ठेवा."

सूनबाईने सांगितले. मी ठेवला. निवत आहे.

समक्ष हजर: सूनबाई शालन, पट्टी बदलणाऱ्या सिस्टर, मी स्वतः. सौ.ही हजर. तोंड भिंतीकडे.