होळीच्या दिवशीची खरी बोंब

तीर्थस्वरूप गं. भा. रतनआक्कास, धाकटा भाऊ आसाराम याचा मुक्काम पालीहून साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी आणि म्हैस. तिकडे अंबाजोगाईला तुझी कंबर आणि तुझ्या जावेची जीभ, दोन्ही कशा आहेत ते कळवणे.

आगीच्या बाबतीत मी किती दक्ष माणूस, हे तुला ठाऊकच आहे. दिवाळीत मोहनराव पाटलांच्या दारात बाण उडवायचे ठरले, तर मी घागर घेऊन आधी हजर. (बाण उडाले नाहीत. घागर मी जरा लवकर ओतली.) खळ्यावर कोणी चिलीम पेटवली तरी मी त्याला धोतराचा सोगा खोचायला लावतो. यंदा होळी खळ्यालगत रचलेली पाहिली आणि घरोघर सांगत फिरलो, की शेजारी कडब्याच्या गंजी आहेत, होळी लांब न्या. शेवटी होळी रचणाऱ्या पोरांतला धुळाजी म्हणाला, "दादा, तुमी म्हणता तर लई लांब नेतो." आणि नेली की त्यांनी, थेट बिंदुसरेच्या पल्याड. सारं गाव तिकडे गेलं. माझ्या गुडघ्यांना नदीतली वाळू झेपत नाही हे गावाला माहीत आहे, पण न्यायला कोणी आलं नाही. माझंच ऐकलं त्यांनी, मग रागवायचं कोणावर?

तुझी भावजय बायडा होती तेव्हा होळीला पोळी वाहिल्याशिवाय जेवायची नाही. तिच्यामागे मीही तो नेम मोडलेला नाही. म्हणून अंगणातच चार गोवऱ्यांची होळी रचली. पुरणपोळी केली (ती अजून तव्यालाच आहे, नैवेद्य गूळभाकरीचा झाला). घागरी भरून ठेवल्या, वाळूचा ढीग केला, सोगा खोचला. एवढा बंदोबस्त निजाम सरकारच्या खजिन्यालाही नसेल. वारा कुठून येतो तेवढं पाहायचं राहिलं, आणि ठिणगी गेली ती माझ्याच गंजीत.

मी बोंब ठोकली. होळीच्या दिवशी, आक्का. पल्याडून सारं गाव तोंडावर हात ठेवून उलट बोंबललं. मी कडबा पेटला म्हणून ओरडलो, तर धुळाजीचा आवाज आला, "वा दादा, आजून जोरात." मी जोरात, तर ते त्याहून जोरात. एका हाताने घागर, दुसरा तोंडावर. अर्धी गंज गेली, डावी मिशी गेली, म्हैस वाचली. पण खरं सांगतो, बायडा गेल्यापासून माझ्या हाकेला इतक्या माणसांनी ओ दिली नव्हती. आग विझल्यावरही मी दोन-चार बोंबा मारल्या. त्यांनाही ओ आली. मग ते जेवायला बसले असावेत. मी पायरीवर बसून थोडा रडलो.

सकाळी राख पाहून सगळे हळहळले. धुळाजीचा चेहरा एवढासा झाला. म्हणाला, "आमाला वाटलं, दादा यंदा लई खुशीत हाय."

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

ता. क. कडब्याची काळजी करू नये. गावाने घरटी एकेक पेंढी आणून टाकली.

दुसरा ता. क. त्यातल्या बऱ्याच पेंढ्या बैलगाडीत जाड अंथरल्या आहेत, म्हणजे तुझ्या कंबरेला धक्का बसायचा नाही. गाडी बुधवारी निघते. तू आता इकडेच राहायला ये. स्वयंपाक मी करीन, तव्यावरची पोळी तेवढी तू काढ. माझी खरी बोंब कोणती हे ओळखणारं एक माणूस घरात हवं.