लिव्हरमधली साखर

प्राग, १४ ऑक्टोबर, मंगळवार संध्याकाळ

कॅमेऱ्याचा रोल पुढे नेणारा लिव्हर आजही सरकला नाही. दुकानदार म्हणाला, मागचं झाकण उघडावं लागेल, रोलवर उजेड पडून काढलेले फोटो जातील. मी कॅमेरा तसाच परत घेतला.

या रोलवर पहिलाच फोटो आईचा आहे, चिकलठाणा विमानतळाबाहेरचा. एरवी कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर ओढते. त्या दिवशी एका हातात दहीसाखरेची वाटी, दुसऱ्यात चमचा. पदर ओढणार कशानं? हसत उभी राहिली. मी दही तळहातावर घेऊन चाटलं आणि त्याच हातानं फोटो काढला. लिव्हरच्या खाचेत तेच जाऊन बसलं असेल का?

मघाशी फोनवर तिला सगळं सांगितलं.

"अगं, मग उघड की. माझं थोबाड घरी आल्यावर बघ. इतक्या लांब गेलीस, तिथलं काढ."

तिचं खरं असेल. उद्या शेवटचा दिवस, नदी आणि पूल नुसतेच बघायचे. हा माझा हट्टच आहे का? पण तशी हसताना ती पुन्हा सापडेल, हे कशावरून?

खाचेवर बोट फिरवलं, अजून चिकट लागतं. पुसावंसं वाटलं नाही.