बाबांच्या सूर्यघड्याळाची वीस मिनिटं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं हल्ली कमरेपर्यंतच जमतं, उरलेला नमस्कार झाला असं धरून चाल.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना डावा दुखतो आणि उतरताना उजवा, असं तू लिहिलं होतंस. त्यावर आमच्या मंडळातल्या दंतवैद्यांनी जिनाच बदलायला सांगितलं आहे. त्यांचा हात दातांपुरता चांगला आहे, तेव्हा फार मनावर घेऊ नकोस. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला गेला आणि तिचं माझ्याशी बोलणं परत सुरू झालं. दोन्ही एकाच आठवड्यात.

पत्राला कारण तसं काही नाही, सहज आठवण आली. पण लिहायला बसलोच आहे तर रविवारचा प्रकार सांगून टाकतो. तुला ठाऊकच आहे की निवृत्तीनंतर मी सूर्यघड्याळ मंडळाचा चिटणीस झालो. आम्ही अकराजण आहोत आणि सावली कशी, कुठे व का पडते यावर महिन्यातून दोनदा भांडतो. यंदा मंडळ आसपासच्या सगळ्या जुन्या सूर्यघड्याळांची नोंदवही छापणार आहे आणि तीत प्रत्येक घड्याळाला शेरा मिळणार: अचूक, दुरुस्तीजोगं किंवा शोभेचं. (शोभेचं ही आमच्यात शिवी आहे. मागे एकाने दुसऱ्याच्या घड्याळाला तसं म्हटलं, ते दोघं अजून सभेत एकमेकांकडे पाठ करून बसतात.) तर आपल्या अंगणातलं, बाबांनी स्वतःच्या हाताने केलेलं घड्याळ तपासायला तिघांची समिती येणार होती. मी आदल्या दिवशी अंगण झाडलं, दगडी खांब धुतला आणि पितळेची तबकडी लिंबाने घासून चकचकीत केली. एवढी मेहनत स्वयंपाकघरात कधी दिसली नाही, असा अभिप्राय घरातून मिळाला.

सूचनापत्र मीच काढलं होतं. त्यात लिहिलं, ‘ठीक बारा वाजता’. आता तुझ्यासारख्या शहाण्या माणसाला यात काही खोट दिसणार नाही, पण सूर्यघड्याळवाल्यांना बारा वाजता बोलावणं म्हणजे नसती आफत ओढवून घेणं. हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या बाई साडेअकरालाच आल्या, कारण त्या सगळीकडेच अर्धा तास आधी जातात. दंतवैद्य मनगटावरच्या घड्याळाने बाराला आले. आणि अध्यक्ष, म्हणजे आमचे मोजणीदार, ज्यांनी हयातभर जमिनी मोजल्या आणि आता सावल्या मोजतात, ते आले बारा अडतीसला. आल्या आल्या त्यांनी बाकीच्या दोघांना लवकर आल्याबद्दल समज दिली. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा खरे बारा, आणि आपल्या गावात तो त्या दिवशी बारा अडतीसला येतो. बाकीचे बारा सरकारने सोयीसाठी ठरवलेले, असं त्यांचं म्हणणं. पहिला चहा तोवर थंड झाला होता. (सरकारी बाराला केलेला.)

सगळे जमले आणि आभाळ भरून आलं. दिवसभर लख्ख ऊन राहील असं हवामानवाल्या बाईंनी सूचनापत्रावरच सही करून कळवलं होतं, त्यामुळे ढगांकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. त्या ढगांकडे पाठ करून बसल्या. आम्ही दोन तास सावलीची वाट पाहिली, आणि रिकामी तोंडं गप्प बसत नाहीत. पूर्वी म्हणे दिवस लहान असो की मोठा, त्याचे बाराच भाग करत. म्हणजे उन्हाळ्यातला तास लठ्ठ आणि हिवाळ्यातला रोड. तीच पद्धत माणसाच्या स्वभावाला धरून होती, असं दंतवैद्यांचं ठाम मत आहे. (त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलं की ती अजून चालू असल्याचं कळतं.) मग त्यांचं लक्ष तबकडीच्या कडेला कोरलेल्या अक्षरांकडे गेलं. जुन्या घड्याळांवर काळाबद्दल एखादं वचन कोरायची रीत असते. बाबांनी कोरलंय, ‘हात लावू नये’. दंतवैद्य गहिवरले. गेलेल्या वेळेला कुणी हात लावू शकत नाही, केवढा खोल विचार, म्हणून त्यांनी तो वहीत उतरवून घेतला. मी दुसरा चहा टाकायला आत गेलो.

तीनच्या सुमाराला सहा मिनिटं ऊन पडलं. त्या सहा मिनिटांत तिघं वयस्क माणसं ज्या चपळाईने उठली ती पाहण्यासारखी होती. मोजणीदारांनी वेळ वाचली, गावाचा फरक मिळवला, तारखेचा फरक वजा केला, पुन्हा वाचली. घड्याळ वीस मिनिटं पुढे. दंतवैद्यांनी खिशातून दात बघायचा आरसा काढून उभ्या त्रिकोणी काट्यामागे धरला आणि जाहीर केलं की काटा पूर्वेकडे झुकलाय. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतकाच, पण झुकलाय. यावर मोजणीदारांनी शांतपणे लिहिलं: ‘शोभेचं. काटा मुळातच तिरपा बसवलेला. करणाऱ्याची हयगय.’

ताई, मला फार लागलं ते. बाबांची हयगय? तराजूच्या कारखान्यात ज्या माणसाने तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली आणि पारड्यात केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवला, त्या माणसाच्या नावापुढे हे छापून येणार. अकरा माणसं ते वाचणार. (खपाचा अंदाज मी चिटणीस म्हणून देतो आहे.) काटा मुळात सरळ होता हे आपल्याला माहीत आहे. तुझ्या उड्या मारायच्या दोरीची ती गोष्ट घरात सगळ्यांनाच ठाऊक आहे. तू तेरा वर्षांची होतीस, दोरीचं एक टोक काट्याला बांधलंस आणि तो वाकला. बाबा रागावले नाहीत. ज्याने वाकवला त्यानेच सरळ करावा, एवढं म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात तबकडीवर ती तीन अक्षरी सूचना कोरून टाकली. (अक्षरं जास्त आहेत, शब्द तीन.) तू सरळ केला नाहीस, त्यांनीही हात लावला नाही, आणि जन्मभर अंगणात वेळ बघताना ते मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करत राहिले. तुम्हा दोघांचा हट्ट सारखाच.

असो. बाकी नवीन काही नाही. मागच्या दाराची कडी बदलली. भाऊजींना नमस्कार सांग आणि त्यांना म्हणावं, कानात यंत्र घालतात ते ऐकण्यासाठी, डबीत ठेवण्यासाठी नाही. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. – सोबत एक छापील कागद जोडला आहे. घड्याळ पूर्वी अचूक होतं असं पाहिलेल्या हयात माणसाने लिहून दिलं तर शेरा बदलता येतो. नोंदवही तीस तारखेला छापायला जाते. तेव्हा ‘लहानपणी माझ्या हातून काटा वाकला’ एवढी एक ओळ लिहून सही कर आणि उलट टपालाने पाठव. मी स्वतः लिहून दिलं असतं, पण चिटणिसाची साक्ष चालत नाही. नियम सात.

ता. क. दुसरा – वरचं लिहून पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. मंडळाचे नियम सहाच आहेत.

दोरी कधीच नव्हती, हे तुला माहीत आहे आणि मलाही. भिंतीपलीकडे गेलेला चेंडू बघायला मी तबकडीवर चढलो, पाय सटकला आणि काट्याला लोंबकळलो. बाबा बाहेर आले तेव्हा मी इतका रडत होतो की तू पुढे होऊन दोरीचं सांगितलंस. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत मी खरं सांगेन. त्याला एकोणसाठ वर्षं झाली. दर रविवारी बाबा नव्या तबकड्यांवर तासांच्या रेषा आखत, तेव्हा दोरा धरायला तुलाच बोलावत. तुला त्यातलं कळायचं, तू त्यांच्या चुकाही काढायचीस. काटा वाकल्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. मला काही कळत नव्हतं, मी नुसता दोरा धरून उभा राहायचो. त्या उभं राहण्यावर आज मी मंडळाचा चिटणीस आहे. जे तू वाकवलंच नाहीस ते सरळ का करशील, हे बाबांना कळायला मार्ग नव्हता. मला होता. मी भित्रा होतो, ताई, आणि माझ्यामुळे तुझी ती जागा गेली. याची मला लाज वाटते. आणि याच पत्रात, आठ ओळी वर, मी तुला तेच पुन्हा करायला सांगितलं आहे.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा, कारण कागद संपला – जोडलेला कागद फाडून टाक. दुसरा माझ्या नावाने भरून काल मोजणीदारांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं की काटा वाकला तेव्हा वाजले किती होते. शेरा आता ‘दुरुस्तीजोगं’ झाला आहे आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती करून दाखवायची आहे. ‘हात लावू नये’चा खरा अर्थ ऐकून दंतवैद्य माझ्याशी बोलत नाहीत. तुझी भावजयही नाही, ती मात्र तुझ्या बाजूने.

बाबांच्या नियमाप्रमाणे काटा मीच सरळ करायचा. पकड आणून ठेवली आहे. पण कुठवर, ते मला अजूनही कळत नाही. गुडघा बरा वाटेल तेव्हा ये, मुदत टळली तरी चालेल. खांबाजवळ पायरी नाही, मी बघून ठेवलंय. खुर्ची मांडीन, तू दोरा धरून बस आणि ‘बस’ म्हण. तू म्हणशील तिथे थांबेन.