परत आलेला क्रूस

३ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र लिहायचं मी दीड महिना टाळलं, कबूल. पहिला कागद आणला, त्यावर रंग कसा बसतो ते बघत बसलो. दुसरा खिडकीच्या फटीत कोंबला, वारा फार येतो. हा तिसरा. खरं कारण हे, की पत्रात बाबांच्या पायाबद्दल विचारावं लागणार, आणि विचारलं की तू सांगणार.

सध्या मूर्तींच्या कारखान्यात आहे. त्याआधी कंगवे विकत होतो. एका टकल्या माणसाने तीन घेतले, का ते अजून कळलेलं नाही. असो. इथे प्लास्टरचे क्रूस होतात. प्रभू साच्यातून पांढराफटक निघतो, मग घासायचा, मग रंगवायचा. माझ्याकडे जखमा. वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं की एका जखमेला लाल रंगाचे दोन ठिपके, वर वॉर्निश, बस. गिऱ्हाईक बैठकीच्या खोलीत लावतं, जेवताना समोर येतो.

मागच्या महिन्यात एका चर्चसाठी माणसाएवढा क्रूस करायचा होता. वस्ताद बाहेरगावी होते. मी चार दिवस त्याच्या पायाशी बसून रंगवला. पेटी गेली आणि आठवड्यात परत आली. सोबत फादरची चिठ्ठी, की लोकांना किळस येते, पाय नीट करून द्या. वस्तादांनी पेटी उघडली नि विचारलं, की खिळ्याची जखम अशी असते का? कडेला काळं, मध्ये पिवळं, घोट्यापर्यंत सूज.

ताई, तो बाबांचा पाय होता. टाचेजवळचा डागसुद्धा तोच. मला कळलंच नव्हतं.

आधी त्या लोकांची शिसारी आली. हाल करून मारलेल्या माणसापुढे गुडघे टेकतात, आणि त्याला धुऊनपुसून द्या म्हणतात. दोन दिवस मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी आठवलं, की पट्टी सोडताना तू मला बाबांची टाच धरायला सांगितलंस, आणि मी ओकायला म्हणून जो पळालो तो या शहरात येऊन थांबलो. आता माझीच शिसारी येते.

महिनाअखेरपर्यंत पाय स्वच्छ कर, नाहीतर चालायला लाग, असं वस्ताद म्हणतात.

बाबांना सलाम सांग. रागावलीस तरी चालेल, पण कागदावर रागाव.

तुझा,
भटक्या

११ मार्च

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून वाटलं, पत्र कोंबडीने लिहिलं आणि सही तू केलीस.

बाबांना वाचून दाखवताना पायाचं गाळणार होते. पण तीस वर्षं पोस्टमन होते ते. लोकांना पत्रं वाचून दाखवायची त्यांना सवय, माणूस कुठे गाळतो ते बरोबर कळतं. त्यांनी कागद हातातून काढून घेतला. वाचून खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, की वेशीबाहेर, उन्हात, अंगावर माश्या, प्रभूही असाच वास मारत असणार. देखणं मरण असतं तर शिष्य पळाले असते का? त्या गुळगुळीत प्रभूपुढे बसलं की त्यांना नेहमी वाटायचं, याला माझ्या पायातलं काय कळणार. पोराला सांग, म्हणाले, तो पाय खोडू नकोस.

मला मात्र हसू आलं नाही. तू पाय रंगवलास, पट्टी मी बदलते. मलाही ओकारी येते. मी ओकून परत येऊन बसते, एवढाच तुझ्यामाझ्यात फरक. प्रभूच्या क्रूसाजवळ शेवटी बायकाच उभ्या होत्या, त्यांची नाकं काही वेगळी नव्हती.

चोवीस तारखेला डॉक्टर पाय घोट्यावरून कापणार आहेत. बाबा संमतीच्या कागदावर सही करत नाहीत. कारण मला सांगत नाहीत, तू येऊन विचार.

माया आहे म्हणून लिहिते, नाहीतर शाई महाग आहे.

ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सलाम.

दोनदा बसच्या रांगेत उभा राहिलो. एकदा माझी पाळी आली, आणि मी मागच्या बाईला पुढे जा म्हणालो. तिला वाटलं, किती सभ्य मुलगा. मी आलो आणि पुन्हा पळालो तर काय, ही भीती आहे. एकदा पळालेला माणूस निदान लांब असतो. दुसऱ्यांदा पळालेला बाबांच्या डोळ्यांसमोरून पळणार. माझ्या असल्या देवभक्तीचा मला वीट आलाय. प्लास्टरचा पाय चार दिवस धरवतो, बापाचा क्षणभर धरवत नाही. तेव्हा, ताई, तू त्यांना कसंही करून समजाव, सही घे, आणि मला

थांब, खाली गलका चाललाय.

घासकाम करणाऱ्या बायका नाकाला पदर लावून जिन्याच्या कडेला सरकल्यात. मला आधी वास आला, माणूस नंतर दिसला. ताई, बाबा आलेत. एकटे. एका पायात चप्पल, दुसऱ्याला तुझी पट्टी, हातात माझ्या पत्राचं पाकीट, त्यावरचा पत्ता वाचत. तुला दुकानात पाठवून निघाले म्हणे, तेव्हा शोधत बसू नकोस. सहीचं विचारलं, तर म्हणाले की कापायच्या आधी तो पाय प्रभूच्या अंगावर एकदा बघायचा आहे.

वस्तादांनी पेटीवरचं फडकं काढलं. बाबा समोर खाली बसलेत, पट्टी पार भिजली आहे, आणि टाच माझ्याकडे करून ते वाट बघतायत. पत्र इथेच सोडतो. मला दोन्ही हात लागतील.